भालेराव सरांची तालीम

"भालेराव सर म्हणजे स्थितप्रज्ञ माणूस," असं बोरिवलीच्या त्या हॉलमध्ये एक गृहस्थ माईक धरून म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. सरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. समोर हार घातलेला फोटो, शेजारी बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, आणि पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत त्यांची एकुलती एक मुलगी, सुजाता. गृहस्थ सांगत होते, सरांचा विषय बंद पडला, बायको गेली, पण हा माणूस कधी हलला नाही, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक माना डोलवत होते. मी मनात म्हटलं, डोंबलाचा स्थितप्रज्ञ! माझी आई मालवणची, तोंड मला तिच्याकडून मिळालंय. उठून बोलणारच होते, तेवढ्यात सुजाताने मागे वळून माझ्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. अख्ख्या हॉलमध्ये आणखी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग गप्प बसले, आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं.

मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी कॉमर्स शिकवायचे आणि प्रल्हाद भालेराव सर आर्ट्सच्या मुलांना तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवायचे. उंच, सडपातळ, काळेसावळे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, खडू असायचा. त्यामुळे खिशाचा तळ कायम पांढरा. मूळचे लातूरकडचे, पण मुंबईत इतकी वर्षं काढूनही रिक्षावाल्याला "अहो" म्हणायचे. रिक्षावाला मागे वळून बघायचा, की हा नेमका कुणाशी बोलतोय.

वाचन अफाट होतं, पण जीव जडला होता स्टोइक नावाच्या जुन्या ग्रीक-रोमन मंडळींवर. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, की सर, हे स्टोइक म्हणजे काय प्रकरण, तर म्हणायचे, "स्टोआ म्हणजे ओसरी. ही माणसं ओसरीवर उभी राहून शिकवायची. त्यांच्यात गुलाम होता तसा बादशहाही होता. दोघांचा धडा एकच." मग खिशातून खडू काढून टेबलावर एक रेघ ओढायचे. "जे आपल्या हातात आहे ते रेघेच्या अलीकडे. जे नाही ते पलीकडे. माणूस आयुष्यभर पलीकडचं आवरत बसतो आणि अलीकडे केर साचतो." झालं, संपला धडा. मग शिपाईमामा फडकं घेऊन यायचे आणि टेबल पुसता पुसता पुटपुटायचे, की सर, तुमचा केर मात्र नेहमी अलीकडेच असतो.

आमच्या मराठीच्या बाईंनी त्यांना एकदा जरा खवचटपणेच विचारलं, "तुमच्या घरी बुद्ध असताना ग्रीकांच्या दारात कशाला जाता हो?" सर शांतपणे म्हणाले, "घरी स्वयंपाक असतोच ना बाई. म्हणून शेजारून आलेली वाटी परत पाठवतो का आपण?" बाईंनी नाक मुरडलं. मी मात्र खो खो हसले.

त्यांच्या दोन लकबी सगळ्या कॉलेजला पाठ होत्या. एक म्हणजे "हरकत नाही." वर्गाची खोली बदलली, हरकत नाही. डब्यातली भाजी सांडली, हरकत नाही. पगाराच्या दिवशी पगार आला नाही आणि सगळी स्टाफरूम पेटलेली असताना सर पेपर तपासत म्हणायचे, हरकत नाही. कधी कधी इतका राग यायचा, की वाटायचं हलवावं त्यांना धरून.

दुसरी म्हणजे तालीम. दर शनिवारी एखादी गोष्ट ते मुद्दाम सोडून द्यायचे. एका शनिवारी चष्मा घरी ठेवून येणार आणि भिंतीला हात लावत वर्गात जाणार. एका शनिवारी अळणी डबा. एका शनिवारी पंख्याखालची खुर्ची सोडून कपाटामागच्या कोंदट कोपऱ्यात, तेही एप्रिल महिन्यात, मुलुंडच्या उकाड्यात. "उद्या ही गोष्ट गेली तर कोसळायला नको. आज थोडी तालीम करून ठेवायची," असं त्यांचं म्हणणं. एकदा मौनाचा शनिवार नेमका पालकसभेच्या दिवशी आला. सर प्रत्येक पालकाला फळ्यावर लिहून उत्तर देत होते. एका मुलाचे वडील भारावून प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, मूकबधिर माणसालाही तुम्ही नोकरी देता, फार मोठं मन आहे तुमचं. प्राचार्यांनी नमस्कार करून ते कौतुक ठेवून घेतलं. पुढे वर्षभर ते गृहस्थ सरांना रस्त्यात भेटले की हातवारे करून खुशाली विचारायचे, आणि सरही बिचारे हातवाऱ्यांनीच उत्तर द्यायचे.

पण हे सगळं नुसतं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांचा विषय बंद झाला ते वर्ष मला आठवतं. मुलं तर्कशास्त्र घेईनात, तुकडी मोडली, आणि सर 'अतिरिक्त' ठरले. आमच्या पेशात हा शब्द ऐकला की माणसाचं रक्त गोठतं. अतिरिक्त शिक्षक म्हणजे जो कुठेही, कसाही, कुणाच्याही जागी पाठवला जातो तो. सरांना कॉलेजने ठेवून घेतलं, पण काम काय, तर आजारी शिक्षकांचे बदली तास, परीक्षेची सुपरव्हिजन आणि पर्यावरणाच्या वह्यांवर सह्या. मी तावातावाने म्हटलं, "सर, वाट लागली हो तुमची, आणि तुम्ही शांत कसे?" तर म्हणाले, "विषय बंद करण्याचा जीआर आलाय मॅडम. विचार बंद करण्याचा अजून आलेला नाही."

आणि दुसऱ्या दिवसापासून ते मधल्या सुट्टीत कॉलेजच्या मागच्या पायरीवर बसायला लागले, स्कूटर स्टँडपाशी. सुरुवातीला एकटेच बसायचे. मग एक-दोन मुलं यायला लागली, नापास झालेली, प्रेमात आपटलेली, घरी मार खाल्लेली. मुलांनी त्या पायरीला 'ओसरी' नाव दिलं. माझं उपप्राचार्यपद माझ्याहून ज्युनिअर माणसाला दिलं गेलं तेव्हा मीसुद्धा रडवेली होऊन तिथे जाऊन बसले होते. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाहीत. मग पायरीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "खुर्ची पलीकडे. ज्यांनी दिली ती माणसं पलीकडे. आता अलीकडे काय उरलं ते तुम्ही सांगा." मी चिडून म्हटलं, "काही नाही उरलं." तर म्हणाले, "आता पुढचा तास कुणाचा आहे?" माझा होता. "मग तो उरला," म्हणाले. मी उठले, तास घेतला, आणि खरं सांगते, त्या दिवशी फार चांगला झाला. त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञान पोकळ होतं असं मी मेले तरी म्हणणार नाही. मी तगले त्याच्यावर.

शालिनीताई, म्हणजे सरांच्या पत्नी, गोऱ्यापान, गोल चेहऱ्याच्या, भयंकर बोलक्या. सरांच्या वाटचंही त्याच बोलायच्या. मुलुंड पूर्वेला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, तिथे गेलं की पहिल्यांदा खाणं, मग विचारपूस. नवऱ्याच्या तालमीची यथेच्छ टर उडवायच्या. "काल ह्यांचा अळणी शनिवार होता," मला म्हणायच्या, "मी मुद्दाम बोंबील तळले. बघत बसले ताटाकडे. शेवटी रात्री फ्रीज उघडताना पकडले." सर खाली मान घालून हसायचे.

ताईंची किडनी गेली. डायलिसिस सुरू झालं, घाटकोपरला न्यावं लागायचं. सर कॉलेज सांभाळून सगळं करत होते, आणि आम्ही म्हणायचो, काय खमका माणूस आहे. एका उन्हाळ्यात ताई गेल्या. चौथ्या दिवशी सर कॉलेजात हजर. बदली तास होता, घेतला. कुणीतरी सांत्वन करायला गेलं तर त्यालाच पाणी देऊन बसवलं.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी मदतीला त्यांच्या घरी गेले होते. पाहुणे पांगले होते. मी ओट्यापाशी कप विसळत होते, आणि दारात बापलेक उभे होते. सुजाता तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली, बोरिवलीला मैत्रिणींबरोबर राहायची. रडून रडून डोळे सुजलेले. तिने विचारलं, "बाबा, तू एकदाही रडला का नाहीस?"

आता इथे दुसरा कुठलाही बाप असता तर त्याने मुलीला जवळ घेतलं असतं, नाहीतर काहीतरी खोटंनाटं बोलला असता. सर पडले शिक्षक. त्यांना वाटलं पोरीने प्रश्न विचारलाय, तर नीट उत्तर द्यावं.

म्हणाले, "कारण मी तयारी केली होती सुजू. त्या लोकांचा एक अभ्यास आहे. रोज सकाळी चहा पिताना मी मनात म्हणायचो, समज शालिनी आज नाहीये."

"म्हणजे डायलिसिस सुरू झाल्यावर?"

"नाही. आधीपासून. तू लहान होतीस तेव्हापासून."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. सुजाताने दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाली, "आई तुझ्यासमोर चहा घेऊन बसलेली असायची. आणि तू तिला मारून टाकायचास? रोज?"

"मारून नाही गं. म्हणून तर मी रोज तिच्याकडे नीट..."

पण तिने पुढचं ऐकलं नाही. पर्स उचलली, चपला घातल्या आणि जिन्यावरून खाली गेली. सर दारात उभे राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, राहू द्या ते कप. मी विसळतो. हरकत नाही."

'रोज तिच्याकडे नीट बघायचो,' हे ते वाक्य होतं. ते अर्धं दारातच राहिलं. आणि त्या अर्ध्या वाक्यापायी बापलेकीची कितीतरी वर्षं वाया गेली. आठवलं की अजून जीव तुटतो माझा.

भांडण असं नव्हतं. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडणारी माणसं निदान ओरडायला तरी एकमेकांकडे जातात. रविवारी फोन व्हायचा. सर स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे मी कधी तिथे असले तर ऐकू यायचं. "बाबा, ह्या रविवारी यायला नाही जमणार." "हरकत नाही, तुझ्या सोयीने." "दिवाळीत ऑफिसचं काम आहे." "हरकत नाही." "बाबा, मी लग्न करतेय, कोर्टात, साधंच." "आनंद आहे. मी येऊ का?" "तू... बघ तुला वाटलं तर." "तुझी अडचण होत असेल तर हरकत नाही." आणि सर लग्नाला गेले नाहीत! मी त्यांना वाटेल तसं बोलले. ते म्हणाले, "तिने मला बोलवावं असं तिला वाटणं हे पलीकडचं आहे मॅडम." मी म्हटलं, घाला ती रेघ चुलीत.

घर फार शांत झालं होतं. एका माणसाच्या घरात कशी शांतता असते ते मला माहीत आहे, मीही एकटीच राहते. कुकरची शिट्टी झाली की दचकायला होतं. सर दोन कप चहा करायचे, सवयीने, आणि दुसरा कप तासाभराने गार झालेला स्वतःच प्यायचे. निवृत्त झाल्यावर तर ओसरीही सुटली. शनिवारच्या तालमी बंद पडल्या. मी विचारलं, तर म्हणाले, "सोडून द्यायला आता फारसं काही राहिलं नाही हो."

एक मात्र सुरू झालं होतं. दर रविवारी दुपारी सर इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टॉपवर जायचे. मुलुंडहून निघून पवई, आरे कॉलनी करत पार बोरिवलीला जाणारी एक बस होती. ती पकडायचे आणि आरेत उतरायचे. तिथे गोठ्यांजवळ एक चहाची टपरी आहे, झाडाखाली बाकडं आहे. तिथे चहा प्यायचे, म्हशी बघायचे, आणि परतीच्या बसने घरी. एकदा मी हट्टाने बरोबर गेले. शेणाचा वास, झाडांची सावली, आणि मधूनच भरधाव जाणाऱ्या मोटारसायकली. सर बाकड्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसले होते. "इथपर्यंतच का येता हो?" मी विचारलं.

"हा साधारण अर्धा रस्ता आहे," ते म्हणाले. "अर्धा माझ्याकडे. उरलेला तिच्याकडे."

"आणि तिला माहीत आहे का हे, तुम्ही इथे येऊन बसता ते?"

"नाही."

मला हसावं की रडावं कळेना. मुलगी तासाभराच्या अंतरावर, आणि हा माणूस दर रविवारी म्हशींबरोबर बसून तिची वाट बघणार, तिला न कळवता! असली चूक करायला तत्त्वज्ञानच शिकलेलं असावं लागतं. साधा माणूस एक तर गेला असता, नाहीतर घरी झोपला असता.

मग त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांना घरं रिकामी करायला सांगितलं. शेजारपाजार पांगायला लागला, कोणी डोंबिवलीला, कोणी ठाण्याला. जिन्यात जुन्या गाद्या, तुटलेले पाळणे, देवांचे फोटो. सरांच्या घरात आवरायचं असं एकच होतं, शालिनीताईंचं कपाट. त्याला सरांनी हात लावला नव्हता. साड्या सुजाताने न्याव्यात असं त्यांच्या मनात होतं. फोन केला, आणि काय नवल, ती म्हणाली, "येते रविवारी, चारपर्यंत." हे घर म्हणजे तिचं जन्माचं घर. पुढच्या आठवड्यात त्याला कुलूप लागणार होतं आणि नंतर ते पडणार होतं. पुन्हा त्या घरात बापलेक समोरासमोर यायची ही शेवटची संधी.

सरांनी मला बोलावलं. म्हणाले, साड्यांमधलं मला कळत नाही, आणि बोंबील तळायचेत, सुजूला आवडतात. मी गेले तेव्हा ओट्यावर रवा, मसाला, तेल सगळं मांडून ठेवलेलं. सरांनी बोंबील दाबून ठेवायला त्यांच्यावर जाड पुस्तकांची चळत रचली होती. म्हटलं, "सर, अहो ग्रीकांना मासळीचा वास लागेल!" तर म्हणाले, "लागू दे. तीही समुद्राकाठचीच माणसं होती." फार दिवसांनी ते थट्टा करत होते.

मी बोंबील घोळवायला घेतले आणि सर गॅलरीत गेले. आत आले. पुन्हा गेले. मी म्हटलं, "आज तालीम केलीत की नाही? समजा ती नाही आली, अशी?"

सर थांबले. म्हणाले, "सुजूची तालीम मी कधीच केली नाही."

"म्हणजे?"

"घराची केली, डोळ्यांची केली, शालिनीची केली. स्वतःच्या मरणाची तर रोज करतो. पण सुजू लहान होती, शेजारी झोपलेली असायची, आणि मी ठरवायचो की आज करू. आणि नाही व्हायचं. एकदासुद्धा झालं नाही. मी उठून पाणी प्यायचो." मग म्हणाले, "त्या बाबतीत मी नापास विद्यार्थी आहे."

माझ्या हाताला रवा, मसाला, सगळं लागलेलं. तशीच त्यांच्याकडे वळले. "मग हे सांगा ना तिला! हेच सांगायला हवंय तुम्ही तिला. तिला वाटतं तुम्ही दगड आहात."

"तिने काय समजावं हे..." त्यांनी बोटाने हवेत रेघ ओढली, "...पलीकडचं."

माझी सटकली. म्हटलं, "असू दे पलीकडचं! पण तुम्ही तोंड उघडायचं की नाही, ते कुठलं? ते कुणाच्या हातात आहे? महानगरपालिकेच्या?"

सर माझ्याकडे बघत राहिले. तर्कशास्त्राचा माणूस तो. आयुष्यभर पोरांच्या बोलण्यातली चूक शोधली. आता माझ्या बोलण्यात ती शोधत होते, मला दिसत होतं, आणि ती सापडत नव्हती. हळूच खुर्चीवर बसले. "अलीकडचं आहे," म्हणाले. "मॅडम, हे तर अलीकडचं आहे."

साडेचार झाले असतील. फोन वाजला. सरांनी सवयीने स्पीकर लावला.

"बाबा, अरे ऐक ना. आज नाही जमणार. म्हणजे... निघाले होते मी. मग नको वाटलं. साड्या तू टेम्पोने पाठव ना. चालेल ना?"

"हरकत..." सर म्हणाले आणि थांबले.

कढईत बोंबील चरचरत होता. मी गॅस बंद केला.

"बाबा? हॅलो?"

"हरकत आहे," सर म्हणाले.

"काय?"

"हरकत आहे सुजू. मला हरकत आहे. मी सकाळपासून वाट बघतोय. मला फार वाईट वाटलं गं." त्यांचा आवाज कधी नव्हे तो चिरकला. "तू लग्नाला धड बोलावलं नाहीस, तेव्हा पण हरकत होती. दर रविवारी तू येत नाहीस, त्याला हरकत आहे. आणि आई गेली तेव्हा... तेव्हा पण मला हरकत होती. खूप हरकत होती. ती रोज चहा घेऊन समोर बसायची, मी म्हणायचो समज ही नाहीये, आणि मग डोळे उघडून बघायचो तर ती असायची. मला इतकं बरं वाटायचं, सुजू. रोज. त्यासाठी करायचो मी ते. आणि मग एक दिवस डोळे उघडले आणि ती नव्हती."

मग तिचा आवाज आला, बारीक, शाळकरी पोरीसारखा. "बाबा, तू रडतोयस?"

"हो," सर म्हणाले. ढसाढसा रडत होते. चष्मा काढून टेबलावर ठेवला होता, आणि पुसायला काही नव्हतं म्हणून बाहीने तोंड पुसत होते. मी पदर तोंडात धरून ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

"आईबद्दल?"

"आईबद्दल. तुझ्याबद्दल. सगळ्याबद्दल."

तिकडे तिचाही बांध फुटला. कितीतरी वेळ दोघं फोनवर नुसती रडत होती. मग ती म्हणाली, "थांब, मी येते. रिक्षा बघते."

"तू नको येऊस," सर उठत म्हणाले. "मी येतो. पत्ता सांग मला."

ताईंच्या साड्या आम्ही दोन मोठ्या पिशव्यांत भरल्या. निवडायला वेळच नव्हता, हाताला लागेल ते भरलं. बोंबील डब्यात घातले, थोडे कच्चेच राहिले होते. मी म्हटलं रिक्षा करून देते, तर म्हणाले नको, मला बस माहीत आहे. मी एक पिशवी धरून स्टॉपपर्यंत गेले. ऊन उतरलं होतं. सरांनी शर्टसुद्धा बदलला नव्हता, बाहीला ओल होती आणि कोपराला रवा.

पुढे घर पडलं, आणि सर बोरिवलीचेच झाले. फोन व्हायचे आमचे, लांबलचक, मागे नातवाचा दंगा ऐकू यायचा, आणि "या हो मॅडम" म्हणायचे, आणि मी "येते, येते" म्हणत राहिले. भेट अशी पुन्हा झाली नाही. म्हणून सर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे त्या हॉलमधला फोटो येत नाही. ती बस येते.

बस आली. रविवारची, अर्धी रिकामी. सर एक पिशवी खांद्याला, एक हातात, डबा काखोटीला, असे कसेबसे चढले. मी खिडकीशी उभी राहिले. कंडक्टर त्यांना ओळखत होता, दर रविवारचं गिऱ्हाईक. त्याने न विचारताच तिकीट फाडायला घेतलं. "आरे ना काका?"

"नाही," सर म्हणाले. "आज शेवटपर्यंत."

कंडक्टरने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पिशव्यांकडे, आणि दुसरं तिकीट फाडलं. सरांनी ते घेऊन खडूच्या खिशात ठेवलं. बस सुटली तेव्हा ते पिशव्या सावरण्यात इतके गुंतले होते, की मला हात करायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. हरकत नाही.